लोडर परत जोडायचं लफडं: माजलगावकडच्या एका रानातलं प्रकरण

आपल्याकडं ट्रॅक्टरला पुढं लोडर बसवलेले आता गावोगाव दिसतेत, पण मृगाच्या आधी लोडर काढून ठेवणारे आणि दिवाळीनंतर तोच लोडर भांडण न होता परत जोडणारे लई कमी. बहुतेक जण काढतच नाहीत. बकेट वर उचलून तशीच पेरणी करतेत, मग स्टिअरिंग जड, पुढचे टायर झिजलेले, ॲक्सलचे बुश खिळखिळे, काळ्या रानात पुढची चाकं रुतलेली, आणि समोर बूम, म्हणजे बकेट धरणारा लांब दांडा, आडवा येतो म्हणून तासही सरळ निघत नाही. का काढत नाही विचारलं तर उत्तर ठरलेलं: काढायला काय लागतंय, पण परत जोडायला कोण बसलंय.

आमच्या मामांचं प्रकरण हेच. माजलगाव धरणाच्या बॅकवॉटरच्या अंगाला त्यांचं रान, खोल काळं, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा आणि पावसाळ्यात चप्पल काढून चालावं असा चिखल. ट्रॅक्टर 45 एचपीचा, लोडर नंतर बाहेरून बसवून घेतलेला, बकेटसकट साडेचारशे किलोच्या आसपास. काम म्हणजे शेणखत भरायचं, मुरूम ओढायचा, आणि 2017 ला गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना आल्यापासून गाळ रानात टाकला की पसरायचा. उन्हाळाभर लोडर पाहिजेच, सोयाबीनच्या पेरणीला तो नकोच, आणि रान मोकळं झालं की परत पाहिजे. म्हणजे वर्षातून एकदा काढणं, एकदा जोडणं. एवढंच काम, पण त्या जोडण्याला चार गडी, अर्धा दिवस, एक चेन कुप्पी, दोन पहारी आणि मामांचा घसा, एवढं सगळं लागायचं.

मागच्या वेळेला त्यात सालगड्याच्या पोराचं बोट सापडलं. भोक जुळलंय का बघायला त्यानं बोट आत घातलं, तिकडं दुसऱ्यानं पहार दाबली. हाड वाचलं, नख गेलं. मामींनी मग ठणकावून सांगितलं की आता एकतर लोडर विका नाहीतर नीट जोडायची सोय करा, आणि मामांनी मला फोन लावला, कारण मी वाळूजला मशीन शॉपमध्ये कामाला, म्हणजे त्यांच्या हिशोबानं मला लोखंडातलं सगळं कळतं.

ज्यांनी जवळून बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टरच्या चेसीला दोन्ही बाजूनं ब्रॅकेट कायमचे बोल्ट केलेले असतेत, ते काढायचे नाहीत. लोडरचे दोन उभे खांब असतेत, ते त्या ब्रॅकेटच्या खाचेत येऊन बसतेत आणि प्रत्येक बाजूला खाली-वर अशा पिना जातेत, मामांच्या लोडरला 32 एमएमच्या. खांबापासून पुढं बूम, बूम उचलायचे दोन जॅक, बकेट वाकवायचे वेगळे, आणि ह्या सगळ्याला तेल देणाऱ्या चार नळ्या ज्या ट्रॅक्टरवरच्या वॉल्व्हला कप्लरनं, म्हणजे एकमेकात दाबून बसणाऱ्या नर-मादी जोडानं, लागतेत. काढून ठेवला की लोडर पुढून बकेटवर आणि मागून दोन स्टँडवर उभा राहतो. दोन्ही बूम आडव्या पाईपनं एकमेकाला वेल्ड केलेले असतेत, म्हणून एक बाजू एकटी हलत नाही. डावी भोकं जुळवायला पहार लावली की उजवी गेली, उजवी धरली की डावी गेली, दिवसभर तेच.

मी गेलो तेव्हा लोडर गोठ्यामागं मोकळ्या रानात उभा होता. उभा म्हणजे कलंडलेला. डावा स्टँड चांगला दोन इंच खाली गेलेला, उजवा थोडा, आणि बकेटचं एक टोक पावसाच्या गाळानं धरलेलं. मामा म्हणले, "भाचेबुवा, कंपनीतलं ज्ञान इथं चालत नसतं, इथं पहार चालते." मी म्हणलं, "मामा, पहार चालली असती तर त्या पोराचं नख गेलं असतं का?" त्यावर मामी आतून हसल्या आणि विषय पुढं सरकला.

माझं म्हणणं सुरुवातीपासून एकच होतं आणि अजून तेच आहे. लोडर जोडायच्या दिवशी जे काय होतं ते काढायच्या दिवशीच ठरलेलं असतं. सगळे मेहनत घेतेत ती पिनेवर, म्हणजे एकदम कळसावर, आणि पाया चिखलात. काढताना ट्रॅक्टर आणि लोडर एकमेकात अगदी बरोबर बसलेलेच असतेत ना, मग मधल्या महिन्यांत दोघांपैकी काहीतरी हलतं म्हणूनच भोकं जुळत नाहीत. लोखंड काय आपलं आपण वाकत नाही. हलते ती जमीन.

हिशोब करून दाखवला तेव्हा मामांना पटलं. स्टँडच्या पायाला तीन इंची चौकोनी पट्टी, म्हणजे साधारण 56 चौरस सेंटिमीटर. लोडरचं निम्मं वजन स्टँडवर धरलं तर एका पायावर 110 किलोच्या पुढं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो. माणूस एका पायावर उभा राहिला तर तो साधारण तीन-चारशे ग्रॅम दाबतो, आणि तेवढ्यात पावसाळ्यात आपला पाय घोट्यापर्यंत जातो, मग स्टँड का जाणार नाही. तोच पाय एक फूट बाय एक फुटाच्या प्लेटवर ठेवला की दाब सव्वाशे ग्रॅमवर येतो. त्यात काळी माती नुसती दबत नाही, ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, आणि गोठ्याच्या पन्हाळीचं पाणी एकाच बाजूला पडतं म्हणून एकच बाजू फुगते. प्लेट लावून स्टँड रुतायचा थांबेल, पण माती फुगली की प्लेटसकट वर जाईल.

म्हणून पहिलं काम लोखंडाचं नव्हतंच, गवंड्याचं होतं. गोठ्याच्या दुसऱ्या अंगाला, पन्हाळीपासून लांब, दहा बाय आठ फुटाचा कोबा. मिस्त्री म्हणला वरचं गवत काढू आणि टाकू चार इंच काँक्रीट. तसं टाकलं असतं तर दोन पावसाळ्यांत उभी भेग पडली असती, काळ्या रानातल्या घरांच्या जोत्याचं काय होतं ते सगळ्यांनी बघितलेलंच आहे. दीड फूट काळी माती काढून टाकली, मुरूम थरावर थर भरून पाणी मारून धुमसला, मग एक-दोन-चारच्या मापानं चार इंच काँक्रीट, आत घराच्या स्लॅबमधून उरलेल्या 8 एमएमच्या सळ्यांची जाळी. पाच पोती सिमेंट लागलं. बकेट, दोन्ही स्टँड आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं एवढं त्या कोब्यावर येतं. मागच्या चाकांखाली नुसता धुमसलेला मुरूम, मापात कोब्याच्या बरोबरीनं, कारण मागचं चाक खाली गेलं की ट्रॅक्टर नाक वर करतो आणि ब्रॅकेटची भोकं तिरपी होतेत. मिस्त्रीनं सवयीनं पाण्याला थोडा उतार ठेवला, तेवढा चालतो, काढताना आणि जोडताना उतार तोच राहतो ना.

सगळ्या प्रकरणात पैसा लागला तो इथंच. बाकीचं सगळं भंगारातलं.

आता दुसरी गोष्ट, आणि खरं घोडं इथं पेंड खात होतं. हे लोडर जोडायची खरी रीत अशी की ट्रॅक्टर आत घातला, खांब खाचेजवळ आले की आधी नळ्या जोडायच्या आणि मग लोडरच्याच जॅकनं खांब वर-खाली, पुढं-मागं करून भोकं जुळवायची. बूमचा लिव्हर हळूच हलवला की बकेट जमिनीवर टेकलेली असल्यानं खांबच हलतेत. माणसानं पहार लावायची गरजच नाही, जे काम चार गड्यांकडून होत नाही ते लिव्हरवरची दोन बोटं करतेत. मामांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या नळ्या जोडल्याच जात नव्हत्या. कप्लर घातलं की आत जायचंच नाही, घणाच्या दांड्यानं ठोकून बघितलेल्या खुणा त्याच्यावर होत्या.

कारण साधं आहे. मामा लोडर काढायचे पहाटे, ऊन व्हायच्या आत, आणि इंजिन बंद केलं की लिव्हर न हलवता नळ्या उपटायचे. म्हणजे जॅकमध्ये आणि नळीत दाबाखालचं थंड तेल कोंडलेलं. एक लिटर तेल 10 अंशांनी तापलं की साधारण 7 मिलीनं फुगतं, आणि दिवाळीनंतरही दुपारच्या उन्हात ठेवलेलं काळं लोखंड पहाटेपेक्षा चांगलंच तापतं. तेल फुगायला जागा नाही, म्हणून दाब वाढतो, आणि कप्लरच्या तोंडातली बारीक गोळी तो दाब आतून दाबून धरतो. तुम्ही बाहेरून कितीही जोर लावा, ती आत सरकत नाही.

ह्याच्यावरचा निम्मा इलाज फुकट आहे. काढताना बकेट पूर्ण जमिनीवर, स्टँड लावलेले, इंजिन बंद, मग लिव्हर चारी दिशांना दोन-तीनदा पूर्ण हलवायचा, तेल टाकीत परत जातं, आणि लगेच नळ्या काढायच्या. आणि जोडायचं काम दुपारी काढायचं नाही, सकाळीच. तरी अडलं तर जॅकवर आणि नळ्यांवर ओली पोती टाकून अर्धा तास थांबायचं, तेल आकसलं की बऱ्याचदा कप्लर गुपचूप बसतं. मामींनी पोती भिजवून टाकली तेव्हा मामा म्हणले म्हशीला टाकतेत तसं चाललंय, पण चारातली दोन कप्लरं तेवढ्यानंच बसली.

उरलेल्या दोनसाठी लेथवाल्याकडून एक चीज करून घेतली, ती मात्र बघण्यासारखी. लोडरच्या नळीला कप्लरचा नर भाग आहे. भंगारातून त्याच मापाचा मादी भाग घेतला, त्याच्या आतली गोळी आणि स्प्रिंग काढून टाकली, मागच्या आटेवर एक बूच बसवलं आणि त्या बुचाच्या बरोबर मधून आट पाडून एक लांब बोल्ट घातला. आता हे रिकामं कप्लर नळीला टचकन लागतं, कारण आत अडवायला काही नाहीच. मग बोल्ट पान्यानं हळूहळू आवळत न्यायचा, त्याचं टोक नळीतल्या गोळीला टेकतं आणि ती केसभर आत ढकलतं, बोल्टाच्या आटेतून तेल बाहेर झिरपतं, दाब गेला. वर जाड फडकं गुंडाळायचं, खाली डबा धरायचा, तोंड बाजूला ठेवायचं आणि चष्मा घालायचा. बूम हवेत असताना हे करायचं नाही, म्हणजे नाहीच, दाब सोडला की बूम खाली येतो आणि खाली जो असेल तो गेला. आणि गळती कुठनं आहे हे हात फिरवून बघायचं नाही, पुठ्ठा फिरवायचा. दाबाचं तेल बारीक छिद्रातून आलं तर कातडीत घुसतं, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं पण आतला मांसाचा भाग सडायला लागतो, तिथं हळद लावून भागत नाही, लगेच मोठा दवाखाना गाठावा लागतो.

कप्लरांचं अजून एक. उघडी ठेवली की कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते, हे मी स्वतः काडीनं कोरून काढलंय. ती माती तेलात गेली तर वॉल्व्ह खराब. आता जुन्या ट्यूबचे तुकडे कापून तोंडाला घट्ट बसवलेत आणि चारही नळ्या खांबाला वेल्ड केलेल्या एका पट्टीच्या भोकांत टांगून ठेवलेत, जमिनीवर पडू द्यायच्या नाहीत, उंदरं कुरतडतेत. कुठली नळी कुठं हे कळायला आधी रंगीत टेप लावली होती, उन्हानं ती महिनाभरात गळाली. मग केबल टाय. पहिल्या नळीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार, आणि वॉल्व्हच्या बाजूला तेवढेच पंचाचे ठिपके. अंधारात बोटानं मोजता येतं. नळ्या उलट्यापालट्या लागल्या की लिव्हर खाली ढकलल्यावर बूम वर जातो, आणि सवयीचा माणूस अशा वेळेला घाबरून अजून जोरात ढकलतो, म्हणून ह्यात आळस नको.

ट्रॅक्टर बरोबर जागेवर आणायचं काम सगळ्यात अवघड वाटतं पण कोबा झाल्यावर ते सोपं होतं. लोडर जोडलेला असतानाच कोब्यावर पुढच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडेनं पांढऱ्या ऑइल पेंटच्या रेघा मारल्या, आणि चाक जिथं थांबतं तिथं पुढून अँगलचा तुकडा अँकर बोल्टनं बसवला. ड्रायव्हरनं रेघेत यायचं, अँगलला चाक टेकलं की थांबायचं. लोडर तिथंच काढला, तिथंच राहिला, म्हणून परत येताना सगळं तिथंच. फक्त हवा बघायची. पुढच्या टायरची हवा कमी झाली किंवा मधल्या काळात मागच्या टायरमध्ये वजनासाठी भरलेलं पाणी काढलं तर ब्रॅकेटची उंची बदलते आणि मग कोब्याला दोष देऊन उपयोग नाही.

बॉनेटमुळं ड्रायव्हरला खाच दिसत नाही, म्हणून आधी एक माणूस मध्ये उभा राहून "ये, ये, थांब" करायचा, आणि नेमका तोच माणूस लोडर आणि ट्रॅक्टरच्या मधे. ते बंद केलं. मामेभावानं मोटरसायकलचा जुना आरसा आणि फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक ह्याचं एक जुगाड केलं, ते खांबाला चिकटवायचं आणि असं वळवायचं की सीटवरून डाव्या खाचेचं भोक दिसावं. उजव्या बाजूला तसलाच दुसरा. काम झालं की काढून खोलीत. ह्या पोराची ही कल्पना मला सगळ्यात जास्त आवडली, ती माझी असती तर मी गावभर सांगितली असती.

त्याचीच दुसरी कल्पना फसली. त्यानं चार चाकांचा गाडा केला, त्यावर लोडर ठेवून ढकलत शेडच्या कोपऱ्यात न्यायचा म्हणून. चाकं छोटी, मुरमात रुतायची, आणि कोब्यावर एवढी घरंगळायची की ट्रॅक्टर टेकला की लोडरच मागं पळायचा. साडेचारशे किलोचं धूड मोकळ्या चाकावर ठेवायचं काहीच कारण नाही. आता त्या गाड्यावर खताची पोती हिंडतेत.

स्टँडच्या पायाला मात्र एक बदल केला जो करावाच. खालची पट्टी कापून तिथं 24 एमएमचा जाड नट वेल्ड केला, त्यात तेवढाच बोल्ट, बोल्टाच्या खाली फुटाची प्लेट. 24 च्या साध्या आटेचा एक फेरा म्हणजे 3 एमएम. जुळवताना थोडं राहिलं तर पान्यानं अर्धा फेरा, एक फेरा, एवढ्यानं भागतं. लोडरच्या दोन्ही बाजूंत ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटएवढाच फरक आहे का ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं बघायचं, डाव्या भोकाला एक टोक, उजव्याला दुसरं, पाणी सांगेल ते खरं.

पिन शेवटी. बोट घालायची सवय मोडायची म्हणून एक निमुळती पिन करून घेतली, टोकाला 12 एमएम आणि मागं 31, आणि मागं आडवी मूठ म्हणजे हात भोकापासून वीतभर लांब. ती घालून हलवली की भोकं राहिलेलं एखाद-दोन एमएम आपणच जुळवून घेतेत, मग समोरून खरी पिन घालत निमुळती बाहेर ढकलायची. मामा जुन्या ॲक्सल शाफ्टची करा म्हणत होते, मजबूत होईल म्हणून. लेथवाल्यानं नाही म्हणलं आणि त्याचं बरोबर होतं. कडक लोखंडावर कडक हातोडा पडला की तुकडा उडतो आणि तो डोळ्यातच जातो. साधं लोखंड घ्या, टोक चेपलं तर परत घासता येतं.

ह्या वेळेला जोडणी मामा आणि मामेभाऊ दोघांनीच केली, मी बाजूला बसून चहा घेतला. मामांनी सवयीनं पहार आणून ठेवली होती, ती भिंतीलाच टेकलेली राहिली. मागच्या बाजूला थ्री पॉइंटला, म्हणजे अवजार जोडायच्या दांड्यांना, वजन लावल्याशिवाय बकेट भरायची नाही हे मात्र त्यांना परत सांगावं लागलं, मागची चाकं हलकी होतेत आणि ब्रेक तर मागच्याच चाकांना असतेत.

दोन कटकटी राहिल्यात. एक म्हणजे कोबा झाल्यापासून मामींचा हरभरा, शेजारच्यांची तूर, कुणाचे पापड, सगळं तिथंच वाळत असतं, त्यामुळं लोडर काढायचा म्हणलं की आधी अर्धी गल्ली गोळा करून धान्य उचलावं लागतं. दुसरी म्हणजे डावं वरचं भोक. इतकी वर्षं घण मारून ते लांबट झालंय, पिन घातली तरी खळखळ करते, आणि बकेट भरून ब्रेक मारला की टक्क आवाज येतो. लेथवाला म्हणतो ब्रॅकेट सोडून आणा, भोक मोठं करून बुश ठोकून देतो. मामा म्हणतेत ऊस जाऊ दे आधी कारखान्याला.